आठ दिवसांचा भाव

आमच्या समोरच्या दारातला गुणवंत पाष्टे, एखाद्याशी जरा ओळख झाली की पाचव्या-सहाव्या वाक्याला सांगून टाकतो, "मी एक कारखाना बुडवलाय." ऐकणारा आधी त्याच्या तोंडाकडे बघतो, मग अंगातल्या सिक्युरिटीच्या निळ्या शर्टाकडे बघतो आणि हसतो. गुणवंत हसत नाही. कारखान्याचा मालक जितेशभाई मात्र शपथेवर सांगतो की कारखाना गुणवंताने नाही, बाजारातल्या भावाने बुडवला. मी दोघांनाही ओळखतो. शिवाय ज्या दिवशी ते सगळं सुरू झालं त्या दिवशी मी तिथे हातात नारळ घेऊन उभा होतो. तेव्हा मीच सांगतो. मला सांगायला आवडतंच. मी गोष्ट सुरू केली की आमची सून गॅस बारीक करून ठेवते.

गुणवंत संगमेश्वराकडचा. मीही तिकडचाच, मधे फक्त एक डोंगर. तो डोंगर गावी असताना कधी ओलांडला नाही आणि भाईंदरला येऊन समोरासमोर राहायला लागलो. मला आबा म्हणतो. दहावी झाल्यावर आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचं शिकला, नवघरला एका दुकानात टीव्ही दुरुस्त करत बसायचा. एकदा जितेशभाईचा टीव्ही त्याने अर्ध्या तासात चालू केला आणि पैसे घेताना म्हणाला, "यात बिघाड नव्हताच, फक्त आत झुरळ मेलं होतं, त्यामुळे अर्धेच द्या." जितेशभाईने त्याच संध्याकाळी त्याला आपल्या गाळ्यात नोकरी दिली. वीस वर्षं टिकली ती. झुरळाच्या जिवावर लागलेली नोकरी, असं मी त्याला चिडवायचो.

तो गाळा बघण्यासारखा होता. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी करणाऱ्या गाळ्यांची रांगच आहे. पॉलिश करणारी माणसं नखशिखांत काळी, आवाज असा की शेजाऱ्याला हाक मारायची तर हात हलवावा लागतो. त्या रांगेत एक काचेचं दार. ते ढकललं की एसी, पांढऱ्या ट्यूब, आणि चपला बाहेर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चपला काढायला सांगितल्यावर मला वाटलं आत देव असणार. आत नऊ माणसं मान खाली घालून बसलेली. समोर हिरव्या पट्ट्या, अर्ध्या वितीच्या, प्रत्येक पट्टीवर आठ काळे चौकोन आणि खालच्या कडेला सोनेरी दात.

"हे नक्की काय रे?" मी विचारलं.

"मेमरी, आबा. संगणकात बसते."

"म्हणजे?"

 समोरच्याला कळेल असं सांगायची गुणवंताला हौस. म्हणाला, "तुमच्या शाळेत वही होती ना?"

"वही चौथीत मिळाली. त्याआधी पाटी."

"बस. संगणकातही वही वेगळी, तिच्यात लिहिलेलं कायम राहतं. आणि गणित करताना पटकन लिहायचं आणि पुसायचं, ती पाटी. आम्ही पाट्या बनवतो."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या शाळेत धर्माजी गुरुजी होते. जूनमध्ये प्रत्येकाची नवी पाटी हातात घेऊन चारी कोपऱ्यांत स्वतः 'श्री' लिहून बघायचे. ज्या कोपऱ्यात लेखणी घसरली ती पाटी दुकानदाराला परत, मग तो दुकानदार त्यांचा सख्खा मेहुणा का असेना. होताच तो मेहुणा. मी हे गुणवंताला सांगितलं तर म्हणाला, "आबा, माझं काम तेच आहे. काळे चौकोन परदेशातून येतात, त्यांना चिप म्हणायचं. अंबिका आणि इतर बायका त्या पट्टीवर बसवतात. मग पट्टी माझ्याकडे. मी प्रत्येक कोपऱ्यात लिहून, पुसून, वाचून बघतो. फक्त कोपरे अब्जावारी असतात, ते यंत्र बघतं." बरोबर निघाली त्या पट्टीवर तो हिरव्या पेनाने एक ठिपका टाकायचा. मीरा रोडच्या दुकानांतून लोक 'वो हरे ठिपकेवाली दो' असं मागायचे. गुणवंताला याचा एवढा अभिमान की घरी सुलूने, म्हणजे त्याच्या बायकोने, किराणा आणला तरी तो डाळ निवडताना दोनदा बघायचा.

आता भावाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कोरोनात सगळे घरात बसले. शाळा घरात, ऑफिस घरात. ज्याच्या घरी संगणक नव्हता त्याने घेतला, ज्याच्याकडे एक होता त्याने दुसरा घेतला. आमच्या नातीसाठी, इशितासाठी आम्हीही घेतला, महागच पडला. गाळ्यात तेव्हा दोन पाळ्या. जितेशभाईने चढ्या भावाने चिपांची खोकीच्या खोकी भरून ठेवली. मग कोरोना सरला. आणि एक साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती ती आली, की ज्याने परवा संगणक घेतला तो आज कशाला घेईल? दुकानांत संगणक पडून राहिले. दुकानदारांनी भाव उतरवले. भाव उतरवला की तोटा कुठून तरी काढायचा. पेटी स्वस्त होत नाही, पडदा फारसा स्वस्त होत नाही, मग सगळे मिळून पाटीवाल्याच्या मागे लागतात: मेमरी स्वस्त द्या.

"पण मग त्या परदेशातल्या मोठ्या कंपन्या चिपा बनवणं थांबवत का नाहीत?" मी जितेशभाईला विचारलं होतं.

"आबा, वीटभट्टी बघितली?" तो म्हणाला. "पेटवली की मधेच विझवता येते? तसा त्यांचा कारखाना. बंद केला तर आतलं सगळं वाया. म्हणून ते बनवत राहणार, मिळेल त्या भावात विकत राहणार. त्यांची ताकद आहे दोन वर्षं नुकसान खायची. अमे तो नव जण छीए, नऊ माणसांचा गाळा आमचा."

भाईंदरच्या बाजारात सुगंधा म्हणून एक मासळीवाली बसायची. सकाळी नऊला तिच्यासमोर उभं राहिलं तरी मान वर करायची नाही. दुपारी एकला, बर्फ विरघळला की लांबूनच ओरडायची, "बाबा, ने रं, सांगशील त्या भावानं ने!" त्या वर्षी जितेशभाईचं तसं झालं. चिप कुजत नाही, वास मारत नाही, पण आज घेतलेली उद्या स्वस्त. गोदामात ठेवली की रोज थोडी मरते. गाळ्यातल्या दोन पाळ्यांची एक झाली, मग आठवड्याचे चारच दिवस. पगार मात्र त्याने वेळेवर दिला, हे सांगायला हवं.

त्यातच तपासणीचं यंत्र बंद पडलं. मोठं, झाकणाचं, तैवानहून आणलेलं. दुरुस्तीचा आकडा ऐकून जितेशभाई खुर्चीत बसला. तेव्हा गुणवंतानेच तोड काढली. संगणक स्वस्त झाले म्हणजे संगणकाच्या आतले मुख्य बोर्डही स्वस्त झाले. बारा बोर्ड आणायचे, प्लायवूडच्या फळीवर उघडेच बसवायचे, प्रत्येकाला पंखा, प्रत्येकात चार खाचा. पट्टी खाचेत रोवायची, चालू करायचं, बोर्ड स्वतःच तपासून सांगतो. फळी त्याने स्वतः कापली, स्क्रू स्वतः मारले. मला बघायला बोलावलं. बाळंतिणीने पोर दाखवावं तसं दाखवलं.

बावीस सालचा दसरा आला. दसऱ्याच्या दोन दिवस आधी जितेशभाईने सगळ्यांना एकत्र केलं. मी नव्हतो, पण गुणवंताने घरी येऊन अक्षरशः तसंच सांगितलं. नया नगरातले मोठे व्यापारी इम्तियाजशेठ, त्यांनी सोळाशे पट्ट्यांची ऑर्डर दिली होती. भाव बरा ठरला होता, पण तो आठ दिवसांचा. पुढच्या बुधवारी संध्याकाळपर्यंत माल पोचला तर तो भाव, नंतर जो बाजार असेल तो. जितेशभाई म्हणाला, "हा माल या भावात गेला तर मी होळीपर्यंत गाळा चालवतो, तोपर्यंत बाजार फिरेल. नाही गेला तर दिवाळीला कुलूप. मी खोटी आशा देत नाही."

नऊ घरं. गुणवंताचं वय बावन्न, मुलगी क्षितिजा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. अंबिका राई गावातली, नवऱ्याची होडी विकून झाली होती, घरात कमावणारी ती एकटी. शिवा पॅकिंगला, तिशीतला, त्याचं लग्न नुकतंच झालेलं. बाकीच्यांचं असंच काही ना काही.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. दर वर्षी ती गुणवंत करायचा आणि नारळ फोडायला मला न्यायचा, म्हातारा माणूस म्हणून. सुलूने घरून हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या माळा दिल्या होत्या. त्याने चिपा चिकटवायच्या भट्टीला लावलं, कातऱ्यांना लावलं, अंबिकाच्या सोल्डरिंगच्या कांडीला लावलं. मग आला आपल्या बारा बोर्डांच्या फळीपाशी. जुन्या यंत्राच्या झाकणावर पाच बोटं उमटवायची पद्धत होती. इथे झाकणच नव्हतं. पहिल्या बोर्डाला त्याने नुसतं बोट टेकवलं, जरा अडखळला. मी मागून म्हणालो, "अरे, वर्षाचा सण, कंजुषी कशाला करतोस?" हो, मीच म्हणालो. मग उरलेल्या अकरा बोर्डांवर त्याने चिमटीचिमटीने हळदकुंकू वाहिलं, खाचांजवळ, कारण काम तिथे होतं. अक्षता टाकल्या. नारळ फुटला, आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येक यंत्र घटकाभर चालू केलं. बारा पंखे फिरले. कुंकू उडालं, सगळे हसले, अंबिकाच्या नाकावर बसलं. शिवा म्हणाला, "आता या बोर्डांची लग्नं लागली."

आणि आमच्याकडे एक पाळतात: दसऱ्याचं कुंकू पुसायचं नाही. आपोआप जाईल तेव्हा जाईल.

दसऱ्यानंतर गुरुवारी काम सुरू झालं. शंभर पट्ट्यांत चाळीस नापास. गुणवंताने पुन्हा लावल्या, आता वेगळ्याच नापास. त्याच्याकडे एक हुकमी पट्टी होती, कधीच न चुकणारी, बोर्ड तपासायला ठेवलेली. ती त्याने पहिल्या बोर्डात लावली. पास. पुन्हा लावली, पुन्हा पास. म्हणजे बोर्ड चांगले, चिपा खराब. त्या दिवसांत बाजारात बोललंच जायचं की भाव पडल्यापासून हलका माल पुढे सरकवतात. कमजोर चिप अशीच भुरटी असते, आत्ता पास, घटकेने नापास. सगळं जुळलं. पहिला बोर्ड फळीच्या टोकाला होता आणि त्याला नुसतं बोट लागलं होतं, हे कुणाच्या मनात येणार? पूजेवर संशय कोण घेतो?

शुक्रवार गेला, शनिवार गेला. चिपा देणारी पार्टी म्हणाली माल परत पाठवा, पंधरा दिवसांनी बघू. सोमवारी जितेशभाई गुणवंताच्या टेबलाशी स्टूल ओढून बसला.

"गुणवंतभाई, ठिपका टाक."

"कशावर?"

"सगळ्यावर. शंभरात चाळीस खराब असतील, गिऱ्हाईक परत घेऊन येतील, बदलून देऊ. पण माल तर जाऊ दे."

"बदलून कुठून देणार? सगळाच लॉट असा आहे. कुणाच्या तरी पोरीचं परीक्षेचं काम त्याच्यावर चाललेलं असेल शेठ, आणि मधेच पुसून जाईल."

"नऊ माणसांचं पुसून जाईल त्याचं काय?"

"वीस वर्षं माझ्या हाताखालून खराब पट्टी गेलेली नाही."

"वीस वर्षं मी तुला तेच सांगत होतो की एक जाऊ देऊ नको," जितेशभाई म्हणाला. "आज एकदा सांगतोय, जाऊ दे."

 गुणवंताने ठिपक्याचं पेन उचलून जितेशभाईसमोर ठेवलं. जितेशभाईने पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं आणि उठून गेला. शिवा लांबून बघत होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचे गुणवंतदादा म्हणजे हरिश्चंद्र. पण हरिश्चंद्राने फक्त स्वतःच्या बायकापोरांना विकलं, शेजाऱ्यांच्या नाही."

मंगळवार, बुधवार गुणवंत एकेक पट्टी चार-चार वेळा लावत बसला. जेवायचा नाही. बुधवारी संध्याकाळी इम्तियाजशेठचा फोन आला, जितेशभाई बाहेर जाऊन बोलला. मुदत संपली होती.

गुरुवारी सकाळी अंबिका नापास पट्ट्यांचे सोनेरी दात स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होती. कुणी सांगितलं नव्हतं, हात रिकामे बसत नव्हते म्हणून. चार-पाच पट्ट्यांनंतर तिने बोळा बघितला, नाकाशी नेला आणि गुणवंतापुढे धरला.

"दादा, ह्ये काय हाय?"

"गंज असेल."

"गंज न्हाय. कुकू हाय ह्ये. मना कुकू कलत न्हाय काय?"

बोळा लाल होता, कडेने पिवळा. गुणवंताने तो घेतला आणि फळीपाशी गेला. दुसऱ्या बोर्डाच्या खाचेत टॉर्च मारला. तळाशी कुंकू बसलं होतं, पट्टीचे दात नीट टेकणार कसे? मग तिसऱ्या. अकराही बघितले, शांतपणे, एकही सोडला नाही. मग ब्रश आणि स्पिरिट घेऊन साफ करायला बसला. दुपारपर्यंत सोळाशेमधल्या आठ सोडून सगळ्या पास झाल्या.

सगळ्या पाट्या चांगल्या होत्या. पहिल्या दिवसापासून.

बाकीच्यांना त्याने एवढंच सांगितलं की खाचांत घाण होती. जितेशभाई तेव्हा बँकेत गेला होता. गुणवंत घरी आला, माझ्या दारात उभा राहिला. "आबा, चला माझ्याबरोबर नया नगरला. पांढरे केस बरोबर असले की माणूस जरा ऐकतो." वाटेत रिक्षात त्याने मला सगळं सांगितलं. मी "कंजुषी कशाला" म्हणालो होतो ते मला आठवलं आणि त्यालाही आठवलं असणार.  एरवी मी बोलायचा कधी थांबत नाही, पण त्या दिवशी उरलेली वाट मी बाहेरच्या दुकानांची नावं वाचत गेलो.

इम्तियाजशेठचं दुकान काचेचं, माणूस सभ्य. "चाचा, बैठिए," म्हणत मला खुर्ची दिली, चहा मागवला. गुणवंताने काही लपवलं नाही. पूजा, कुंकू, खाचा, सगळं सांगितलं. शेठ हसला नाही. शेवटी म्हणाला, "भाई, कल शाम सात बजे तक मैं रुका. उसके बाद दूसरे से उठा लिया. वो देखो." कोपऱ्यात खोकी रचलेली होती. "आज का भाव कल से भी नीचे है. लूँगा तो आधे में लूँगा, और वो भी जितेशभाई की शरम से."

"चूक मेरा है, शेठ. कंपनी का नहीं. बस एक दिन का फरक है."

"एक दिन का ही तो धंदा है." मग त्याने चहाचा कप खाली ठेवला. "एक बात बोलूँ? बुरा मत मानना. जुम्मे को बिना टेस्ट किए भेज देते, मैं ले लेता. मेरे यहाँ कौन टेस्ट करता है? और माल तो अच्छा ही था."

तो वाईट मनाने नाही बोलला. पण गुणवंताचा चेहरा मी तेव्हा बघितला. त्याआधी आणि त्यानंतर तसा पुन्हा बघितलेला नाही. त्याने खोटं बोलायला नकार दिला होता, आणि ते खोटं नव्हतंच.

संध्याकाळी त्याने जितेशभाईला सांगितलं. मी बाहेर पॉलिशवाल्यांच्या ओट्यावर बसलो होतो, काचेतून दिसत होतं. जितेशभाईने टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. मग दोघे बाहेर आले. जितेशभाई मला म्हणाला, "आबा, याला समजवा. माल गेला असता तरी मी होळीपर्यंतच पोचलो असतो. बाजार बघितला ना? माझ्यापेक्षा दहापट मोठे बसले. याला सांगा गप्प राहायला. मी सगळ्यांना सांगणार आहे, भावामुळे बंद करतोय. ते खरंच आहे."

"अर्धं खरं आहे," गुणवंत म्हणाला.

"अर्धं पुरतं, भाई! लोकांचं घर चालत नाहीये, त्यांना पूर्ण कशाला हवंय?"

मीही तेच म्हणालो. आम्ही दोघांनी रिक्षास्टँडपर्यंत त्याची समजूत घातली. घरी सुलूनेही घातली. "तुम्ही सांगितलंत म्हणून कुलूप उघडणार आहे का?" तिने विचारलं, आणि तो म्हणाला, "नाही."

दुसऱ्या दिवशी जितेशभाईने सगळ्यांना उभं करून सांगितलं की दिवाळीपासून गाळा बंद, भावापुढे इलाज नाही. बायका रडल्या. एक जण सरकारला शिव्या घालू लागला, दुसरा चीनला. शिवा म्हणाला, "शेठ, तुमचा काय दोष?" सगळे एकमेकांना धरून होते. तेवढ्यात गुणवंत पुढे झाला आणि त्याने कुंकवाचं सांगितलं. ठिपका टाकायला नकार दिला तेव्हा माल चांगला होता, हेही सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही.

 अंबिकाने डोळे पुसले आणि म्हणाली, "दादा, मना म्हाईत व्हता. त्यो लाल बोला मीच दिला ना तुला." ती एवढंच म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन बसली. पण शिवा जवळ आला. ओरडला नाही, हेच वाईट. म्हणाला, "कशाला सांगितलंस दादा? आम्ही भावाला शिव्या देत होतो, बरं चाललं होतं. भाव काय, कधी कुणाला दिसत नाही. आता तू दिसशील."

मालाची सोळाशे पट्ट्यांची खोकी अर्ध्या भावात गेली. उरलेल्या चिपा कुणी घेतल्या मला माहीत नाही. नोटिशीचा पगार देऊन जितेशभाईने गाळा सोडला, तिथे आता भांड्यांना पॉलिश होतं, काचेचं दार काढलं. अंबिका पापड लाटायला जाते. गुणवंताने मोबाइल दुरुस्तीच्या सात दुकानांत विचारलं. एकाने त्याच्या चष्म्याकडे बघून नको म्हटलं, एकाने केसांकडे बघून. दीड वर्षाने त्याला मीरा रोडच्या एका टॉवरवर सिक्युरिटीची नोकरी मिळाली. क्षितिजाने शिक्षण पूर्ण केलं आणि मिळेल ती नोकरी धरली. घर तीच चालवते, आणि बापाला ते बोलून दाखवत नाही. आता म्हणे मेमरीचे भाव इतके चढलेत की दुकानदार ती कुलपात ठेवतात. जितेशभाईचा मधे फोन आला होता, "गुणवंतभाई, आज तो माल हाथमां होत ने!" आज तो माल हातात असता तर! एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. 

शिवा आता पार्सलं पोचवतो. योगायोग असा की त्या टॉवरला त्याची रोजची फेरी. पाठीवर मोठी पिशवी, हेल्मेट काढायचं नाही. गुणवंत रजिस्टर पुढे करतो, शिवा सही करतो, पेन टेबलावर ठेवतो. दोन वर्षं झाली. नाव वाचायची गरज नसताना गुणवंत रोज ते नाव वाचतो, आणि शिवा रोज काचेपलीकडे बघतो. मी म्हटलं, दुसऱ्या गेटवर ड्युटी मागून घे. नाही म्हणाला.

परवा संध्याकाळी ड्युटीवरून आला तो सरळ माझ्याकडे. निळा शर्ट न बदलताच.

"आबा, आज शिवा बोलला."

मी उठून बसलो. "काय म्हणाला?"

"लिफ्ट बंद आहे का, विचारलं."

"मग? तू काय म्हणालास?"

"चालू आहे म्हणालो." उंबऱ्यात वाकून बुटाची नाडी सोडू लागला. "पण तो जिन्यानेच गेला."